बद्द वाजतंय

चहा येईपर्यंत नुसतं बसून राहणं नानांना जमत नाही. कोणाच्याही घरी गेले की ते सोफ्यावर मागे रेलतात, मधलं बोट वाकवतात आणि डोक्यामागच्या भिंतीवर टकटक करतात. मग कान देऊन ऐकतात. मग यजमानांकडे करुणेने बघत निकाल देतात, ‘‘बद्द वाजतंय.’’

यजमानांनी आठवड्यापूर्वीच रंग काढलेला असतो.

नाना तुमच्या ओळखीचे आहेत. ते कोथरूडला राहतात. तुमच्या सोसायटीत त्यांना अप्पा म्हणत असतील नाहीतर भाऊ. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ते घरदुरुस्तीसाठी ‘खात्रीचा माणूस’ शोधताहेत. मुलीसाठी स्थळं बघतानाही यांनी इतक्या चौकश्या केल्या नव्हत्या, असं नानी म्हणतात. त्या मुलीच्या लग्नात मात्र मंगलाष्टकं चालू असताना नानांनी कार्यालयाचा खांब वाजवून घेतला होता. ‘‘नुसतं पीओपी आहे, आत काही नाही,’’ हे त्यांनी व्याह्यांच्या कानात सांगितलं. व्याह्यांना ते कशाबद्दल आहे हे कळायला थोडा वेळ लागला. पुढे एका दुःखाच्या प्रसंगी भेटायला गेले असताना हात आपोआप मागे जाऊ लागला, तो नानींनी वाटेतच धरला.

टकटक मात्र शास्त्रशुद्ध आहे, हे मान्य करावं लागतं. विटेला धरून असलेला गिलावा खणखणीत वाजतो, सुटलेला बद्द. बाजारात मडकं घेताना बायका वाजवून घेतात तसंच हे. फरशीखाली माल नीट भरला नसेल तर तीही चुगली करते. स्ट्रक्चरल ऑडिटला आलेले इंजिनिअर छोटी हातोडी घेऊन हेच करतात, फक्त ते त्याचे पैसे घेतात.

नानांचा अभ्यास भिंतीपाशी थांबत नाही. वीट म्हटली की ते दोन विटा एकमेकींवर आपटतात. साधारण एक मीटरवरून टाकली तर चांगली वीट फुटू नये, म्हणून एक टाकूनही बघतात. चोवीस तास पाण्यात ठेवलेल्या विटेने आपल्या वजनाच्या २० टक्क्यांहून जास्त पाणी पिता कामा नये, म्हणून नानींचा स्वयंपाकाचा वजनकाटा एकदा विटेखाली गेला. रेतीची परीक्षा काचेच्या पेल्यात होते: रेती घालायची, पाणी ओतायचं, ढवळून ठेवून द्यायचं. रेती तळाशी बसते आणि माती वर साय धरते. साय जाड दिसली की ट्रक परत. त्या पेल्यात नंतर पाहुण्यांना सरबत मिळालं असावं, असा सोसायटीत संशय आहे.

ठेकेदार आला की नाना त्यालाही वाजवून घेतात. पहिला प्रश्न ठरलेला, ‘‘पाणी किती दिवस मारणार?’’ उत्तर त्यांना पाठ आहे: साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, फ्लाय ॲश मिसळलेल्या पीपीसीला किमान १०. ‘‘मारू की तीन-चार दिवस,’’ म्हणणारा चहा न पिता परत जातो. एकजण मात्र शांतपणे म्हणाला, ‘‘नाना, माझी माणसं सहाला जातात. संध्याकाळी पाणी तुम्हीच मारणार. तुमच्याकडे नळाला पाणी किती वाजता येतं?’’ नाना तीन दिवस अस्वस्थ होते. त्याला काम दिलं नाही, पण त्याचा प्रश्न वहीत उतरवून घेतला आणि पुढच्या ठेकेदाराला आपलाच म्हणून विचारला.

कोटेशनं तीन घ्यावीत, असं शहाणी माणसं सांगतात. नानांनी घेतली. पहिल्याने मालासकट चौरस फुटाचा दर दिला, दुसऱ्याने नुसत्या मजुरीचा, तिसऱ्याने पाकिटाच्या पाठीवर एक गोल आकडा लिहिला आणि ‘सगळं त्यात आलं’ म्हणाला. तिघांची तुलना करायची कशी? नानांनी तक्ता आखला. खिडकीचा गाळा मापातून वजा करायचा की नाही, यावरच एक रविवार गेला. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतची पोकळी प्लास्टरच्या मापातून वजा करत नाहीत, असा नियम आहे. तो नियम ठेकेदाराला माहीत असतो आणि घरमालकाला नसतो, म्हणून भांडणं होतात. इथे नानांना माहीत होता. भांडण तरीही झालं.

लोक नानांना हसतात आणि ते रास्तच आहे. पण हसणाऱ्यांना ‘खात्रीचा माणूस’ म्हणजे काय हवं असतं? दर सर्वांत कमी, आगाऊ रक्कम शून्य, काम गणपतीच्या आत, आणि तरीही त्याने मन लावून करावं. गवंडी विडी ओढायला बसला की गॅलरीतून घड्याळ बघायचं, सिमेंटची पोती मोजून ठेवायची, आणि मग म्हणायचं, हल्ली विश्वास राहिला नाही.

साताऱ्याच्या मेव्हण्यांना जुन्या बैठ्या घरावर एक खोली चढवायची होती. ठेकेदाराने खांबावर थाप मारली. ‘‘दणकट आहेत. दोन मजले चढवा!’’

‘‘आत लोखंड किती एमएमचं आहे?’’ नानांनी विचारलं.

‘‘आतलं दिसतंय होय?’’

‘‘मग दणकट कुठून दिसलं?’’

नाना अडून बसले. नगरपालिकेची परवानगी आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा कागद आल्याशिवाय वीटही चढायची नाही. मेव्हण्यांनी दिवाळीला फोन केला नाही. शेवटी चिडून इंजिनिअर आणला. त्याने एका कोपऱ्यात खणून पायाच दाखवला. तो एकाच मजल्याच्या मापाचा होता. खोली मग मागच्या अंगणात झाली. तिचा गिलावा बद्द वाजतो, हे सांगायला नाना वास्तुशांतीला गेलेच.

नानांच्या फाइलमध्ये कोटेशनांच्या खाली एक कात्रण आहे. जुलै २०१७, घाटकोपर: चार मजली इमारत कोसळून १७ माणसं गेली, तळमजल्यावरच्या नूतनीकरणात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. म्हणजे काम दुसऱ्याच्या घरात आणि छप्पर आपल्या डोक्यावर. नाना या कात्रणाविषयी बोलत नाहीत. पण सोसायटीत कोणी ‘हॉल जरा मोठा करतोय’ म्हणालं की ते न बोलावता हजर होतात. इमारत १५ वर्षांची झाली की दर ५ वर्षांनी आणि ३०च्या पुढे गेली की दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावं, असं सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत लिहिलेलं आहे. वार्षिक सभेत हा विषय नाना काढतात आणि तेवढ्यात सभेत बटाटेवडे येतात. गेल्या वर्षी नानांना ताप होता. विषय निघालाच नाही, वडे मात्र गार झाले. सगळे उगीचच दाराकडे बघत होते.

आणि मग नानांना मिस्त्री भेटला. बाथरूमची ओल खालच्यांच्या छताला उतरली होती. मिस्त्री आत आला, कोणाशी काही न बोलता त्याने बोट वाकवलं आणि भिंत वाजवली. ‘‘ही काढावी लागेल. ती चांगली आहे, तिला हात लावू नका.’’ नानांनी ‘ती’ वाजवून बघितली. खणखणीत! नंतर दोघं घरभर भिंती वाजवत हिंडले आणि स्वयंपाकघरात त्यांचे मतभेद झाले. नानांचा चेहरा इतका खुललेला नानींनी जावई आला तेव्हाही पाहिला नव्हता.

वॉटरप्रूफिंग झाल्यावर नहाणी ट्रॅपला बोळा घालून बाथरूम पाण्याने भरायचं आणि दोन दिवस खालचं छत बघायचं, ही अट मिस्त्रीनेच घातली. शेवटी तो म्हणाला, ‘‘पक्कं बिल करतो. जीएसटी १८ टक्के लागेल.’’

नानांनी आवाज खाली आणला. ‘‘बिलाचं... राहू दे की. आपण घरचेच.’’

मिस्त्रीने त्यांच्याकडे नीट बघितलं. ‘‘नाना, हे बद्द वाजलं.’’

बिल झालं. नानांनी त्यातले १० टक्के पावसाळ्यापर्यंत राखून ठेवले. मिस्त्रीनेही दाराजवळचं फूटभर स्कर्टिंग बसवायचं राखून ठेवलं.

जुलैत चार दिवस झड लागली तेव्हा फोन मिस्त्रीचाच आला.

‘‘गळतंय का?’’

‘‘नाही.’’

‘‘मग माझे दहा टक्के?’’

‘‘आणि माझं स्कर्टिंग?’’