पुस्तक अर्धवट सोडायचा हक्क

दरवर्षी १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन येतो. शाळेत फलक लागतो, तासभर वाचन होतं, फोटो निघतात. १६ तारखेला कपाटाला पुन्हा कुलूप. मग एखाद्या मुलाला विचारावं, "तुला काय वाचायला आवडतं?" तो गप्प बसतो आणि मोठी माणसं शेरा मारून मोकळी होतात: हल्लीच्या पोरांना वाचनाची आवडच नाही.

आवड कळायला दहा पुस्तकं हाताळावी लागतात आणि त्यांतली आठ परत ठेवावी लागतात. ती परत ठेवायची मुभा या मुलाला कुणी दिली होती?

महाडजवळच्या सव गावात सावित्रीकाठी गरम पाण्याची कुंडं आहेत. तिथं नवखा माणूस आधी पाय बुडवून बघतो. सोसलं तर उतरतो. पुस्तकाची पहिली दहा पानं त्यासाठीच असतात. पण आपण मुलाला थेट ढकलून देतो आणि शेवटच्या पानापर्यंत बाहेर येऊ नको म्हणून बजावतो.

महाड-पोलादपूरच्या मुलाला तर आवड आयतीच ठरवून मिळते. रायगड उशाशी, तानाजींचं उमरठ शेजारी. तेव्हा हाती 'श्रीमान योगी' नाही तर 'छावा'. दोन्ही मोठ्या कादंबऱ्या, वाचाव्यात अशाच. पण सातवीतलं पोर त्या जाडीत अडकतं आणि आपण वाचणाऱ्यांतले नाही, असं मनाशी ठरवून टाकतं. विषय आवडणं वेगळं आणि लेखनाचा प्रकार आवडणं वेगळं, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. रायगडावर जीव असलेल्या मुलाला कादंबरी रुचत नसेल, तर गो. नी. दांडेकरांची 'दुर्गभ्रमणगाथा' द्या. घडलं तेवढंच हवं असेल, तर चरित्र द्या. काव्याकडे ओढा असेल, तर 'शिवभारता'चा मराठी अनुवाद दाखवा. ते संस्कृतात रचणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी पोलादपुरातच आहे. एकाच गडावर जायच्या या वेगवेगळ्या वाटा आहेत.

आणि ज्याला गडच नकोत, त्याचं काय? त्याला बाबुराव अर्नाळकरांची रहस्यकथा द्या, नारायण धारपांची भयकथा द्या. अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या आणि महाराष्ट्रानं त्या वाचल्या. ते सगळे वाचकच होते. रहस्यकथेला नाक मुरडणाऱ्यांनी किती मुलांना पुस्तकांपासून तोडलं, याचा हिशेब कधीच मांडला गेला नाही. १९७४ साली जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पहिली विज्ञानकथा टोपणनावानं पाठवली. आपल्या नावाकडे न बघता कथा वाचली जावी, एवढीच त्यांची इच्छा. वाचकानंही लेखकाच्या मोठेपणाला न दबता तसंच वाचावं.

१९२७ च्या सत्याग्रहामुळे महाडला बाबासाहेब ठाऊक आहेत. त्यांच्या वाचनाची एक गोष्ट इथल्या प्रत्येक शाळेत सांगायला हवी. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा विद्यार्थी कृष्णराव अर्जुन केळुस्करांच्या नजरेस पडला. केळुस्कर शिक्षक होते, लेखक होते. आधी त्यांनी तो वाचतोय हे पाहिलं, त्याच्याशी बोलले, मग पुस्तकं दिली. स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्रही दिलं. त्या मुलानं आयुष्याच्या अखेरीस लिहिलेला ग्रंथही बुद्धावरचाच.

अशी नजर असलेला माणूस प्रत्येक गावाला मिळेलच असं नाही. उघडं कपाट मात्र मिळू शकतं. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर गाठलं, की पुढे पाचगणीच्या वाटेवर भिलार लागतं. ४ मे २०१७ रोजी ते 'पुस्तकांचं गाव' झालं. सुरुवातीला २५ ठिकाणी सुमारे १५ हजार पुस्तकं मांडली: एका घरी कविता, दुसरीकडे चरित्रं, तिसरीकडे बालसाहित्य. कुणीही यावं, उघडावं, नाही रुचलं तर पुढच्या दारी जावं. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्येच ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडताना वाचकाचा हात फळीपर्यंत पोचला पाहिजे, असा आग्रह धरला होता. एवढ्या वर्षांनंतरही आपल्याकडे काचेआडची पुस्तकं बाहेरून मोजली जातात.

घाटाखालच्या गावांना २५ घरांची गरज नाही. शाळेची एक खोली पुरे, चार फळ्या पुरेत. एका फळीवर जुने दिवाळी अंक ठेवा; कथा, कविता, प्रवास, व्यंगचित्रं, सगळं एकाच अंकात चाखता येतं. पुस्तक फाटेल ही भीती सोडा. फाटलेलं पुस्तक निदान कुणीतरी उघडलेलं असतं.

आणि मुलाला "पूर्ण वाचलंस का?" असं विचारणं बंद करा. "कुठल्या पानावर सोडलंस आणि का?" असं विचारा. "वर्णनंच फार" म्हणाला, तर नाटक द्या. "हे खरं घडलं का?" असं उलट विचारलं, तर चरित्र द्या. "पुढे काय होणार ते आधीच कळलं" म्हणाली, तर रहस्यकथा द्या. सोडण्याचं कारण सांगता येणारं मूल वाचकच असतं. त्याला पुढचं पुस्तक देणं, हे आपलं काम.