जयपूरचे एकोणीस खिळे

जयपुरात आम्ही तीन वर्षं राहिलो, पण जयपूर पाहिलं ते शेवटच्या आठ दिवसांत. त्याआधी हवामहाल म्हणजे माझ्या लेखी बडी चौपडला गाडी अडकण्याचं एक ठिकाण होतं. गावाकडून येणाऱ्या पाहुण्यांना आमेरच्या पायथ्याशी सोडायचं आणि "तुम्ही या बघून, मी गाडीत बसतो" म्हणायचं, हे माझं पर्यटन. मग ठाण्याला बदली झाली, मानसरोवर भागातलं भाड्याचं घर जूनअखेर सोडायचं ठरलं आणि बायकोच्या लक्षात आलं, की आपण सिटी पॅलेस आतून पाहिलेलाच नाही. "लोक काय म्हणतील?" ती म्हणाली. लोक म्हणजे ठाण्याचे.

तेव्हापासून सकाळी स्थलदर्शन आणि संध्याकाळी बांधाबांध असा क्रम सुरू झाला. दुपार वगळली होती. जूनच्या दुपारी जयपुरात उघड्यावर फिरतो तो एकतर परदेशी पाहुणा, नाहीतर वीज गेली म्हणून खांबावर चढलेला माणूस.

पहिली मोहीम खोक्यांची. महाराष्ट्रात हल्ली हा शब्द उच्चारला, की ऐकणारा डोळा मारतो. इथे निदान 'गत्ते के डिब्बे' म्हणून अब्रूने मागता येतात. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने सहा दिले आणि "खाली कर रहे हो? किराया कितना था?" एवढंच विचारलं. मी खोकी घेऊन घरी पोचेपर्यंत घर पाहायला पहिलं कुटुंब दारात हजर! पुढचे आठ दिवस आम्ही अनोळखी माणसांच्या साक्षीने कपडे भरले. एका बाईंनी आमचं कपाट उघडून आतल्या साड्यांकडे पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "सील तो नहीं है." सील म्हणजे ओल. साड्यांबद्दल काही बोलल्या नाहीत, हे बायकोला जास्त लागलं.

घरमालक अंकलजी हे सरकारी खात्यात हिशेबतपासनीस होते. निवृत्तीनंतर त्यांना तपासायला हिशेब उरला तो आमचा. दर अकराव्या महिन्याला ते नवा करारनामा घेऊन येत. एका वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, असं १९०८ चा नोंदणी कायदा म्हणतो. म्हणून देशभर करार अकरा महिन्यांचा करतात. पंचांगात कधीकधी तेरा महिन्यांचं वर्ष येतं. भाडेकरूचं वर्ष कायम अकराचंच.

या वेळी ते वही आणि टॉर्च घेऊन आले. भर उजेडात टॉर्च मारत सगळ्या भिंती पाहून झाल्यावर वहीत आकडा मांडला. "साब, उन्नीस कील."

मी मोजले नव्हते. पण मराठी घराला एकोणीस खिळे म्हणजे काटकसरच. कालनिर्णय, गणपती, दत्त, सासऱ्यांचा फोटो, दाराचं तोरण, किल्ल्या, आणि जयपुरात तीन वर्षांत जेमतेम चारदा उघडलेल्या दोन छत्र्या. करारात 'बिना अनुमति कील' असं कलम होतं म्हणे. दर खिळ्यामागे शंभर रुपये आणि रंगाचा खर्च वेगळा, असं डिपॉझिटमधून कापायचं ठरलं. ठरलं म्हणजे त्यांनी ठरवलं.

रंगावरून मी वाद घातला. म्हटलं, १८७६ साली प्रिन्स ऑफ वेल्स येणार म्हणून महाराजा रामसिंहांनी अख्खं शहर गुलाबी रंगवलं ना? म्हणजे जयपूरची रीत येणाऱ्यासाठी रंगवण्याची. जाणाऱ्याकडून रंगाचे पैसे घेण्याची नव्हे. अंकलजी शांतपणे म्हणाले, "वो मेहमान थे. आप किरायेदार हैं."

खरं सांगायचं तर मराठी माणसाने जयपूरकडे पैसे मागायला जाणं ही जुनी परंपरा आहे, आणि तिचा इतिहास उत्साहवर्धक नाही. १७८७ मध्ये महादजी शिंदे थकलेल्या खंडणीसाठी फौज घेऊन आले, लालसोटजवळ तुंग्याला लढाई झाली, तिकडून जोधपूरवालेही जयपूरच्या मदतीला धावले आणि महादजींना माघार घ्यावी लागली. ती कसर त्यांनी पाटणच्या लढाईत भरून काढली, पण १७९० मध्ये. बायको म्हणाली, "तीन वर्षं थांबायला तुम्ही महादजी नाही. जे मिळेल ते घ्या."

सिटी पॅलेसमध्ये मात्र माझ्या जिवाला जरा बरं वाटलं. तिथे चांदीच्या दोन प्रचंड घागरी आहेत, गंगाजली म्हणतात. प्रत्येकीचं वजन साडेतीनशे किलोच्या घरात, उंची पाच फुटांवर. चौदा हजार रुपये वितळवून केलेल्या. रुपये म्हणजे तेव्हाचे चांदीचे. १९०२ मध्ये सवाई माधोसिंह सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाला विलायतेला निघाले, तेव्हा तिथलं पाणी प्यायला नको म्हणून या घागरींतून गंगेचं पाणी घेऊन गेले. बोटही स्वतंत्र ठरवली होती. बायको बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "आणि तुम्ही मला पुरणयंत्र ठेवून जा म्हणता." घागरी मुळात तीन होत्या आणि वाटेत वादळ आलं म्हणून एक समुद्रात सोडली, असंही सांगतात. म्हणजे राजाच्या सामानातसुद्धा एक नग गहाळ होतोच. ही गोष्ट मी पुढे सामान नेणाऱ्यांशी बोलताना वापरायची ठरवली होती. त्यांनीच आधी पावतीवर छापून ठेवलं होतं, की गहाळ नगास आम्ही जबाबदार नाही.

या शहराचा जन्मच मुळी बिऱ्हाड हलवण्यातून झाला. आमेरला डोंगरात जागा पुरेना, पाणी पुरेना, म्हणून सवाई जयसिंहांनी १७२७ मध्ये अकरा किलोमीटरवर सपाटीला नवं शहर वसवायला घेतलं. विद्याधर भट्टाचार्य या बंगाली माणसाने नऊ चौकड्यांचा आराखडा केला. एका मराठी कुटुंबाला दोन खोल्यांचं सामान अकराशे किलोमीटर न्यायला आठ दिवस पुरत नाहीत, यांनी राजधानी हलवली. देवही हललेले. महालामागच्या बागेतले गोविंददेवजी वृंदावनातून औरंगजेबाच्या काळात निघाले आणि मुक्काम करत करत इथवर आले. पण ते आल्यावर राज्य त्यांचं आणि राजा त्यांचा दिवाण, असं ठरलं. भाडेकरू म्हणून यावं आणि घरमालक व्हावं, हे फक्त देवालाच जमतं. मी आरतीला हात जोडून डिपॉझिटचं तेवढं सांगून आलो.

या फिरण्यात एक गफलत झाली. सामान कमी करायचं म्हणून घराबाहेर पडायचं आणि येताना पिशव्या घेऊन यायचं. जुन्या शहरात गल्लीला 'रास्ता' म्हणतात आणि प्रत्येक रस्ता एकेका जिनसेचा. मणिहारों का रास्ता लाखेच्या बांगड्यांचा, खजानेवालों का रास्ता संगमरवरी मूर्तींचा. परतीचा रस्ता तेवढा कुणी दाखवत नाही. 'वजनच नसतं' म्हणून दोन जयपुरी रजया घेतल्या. ठाण्यात पंखा पाचवर ठेवून त्या पांघरायचा विचार आहे. ब्लू पॉटरीच्या सहा बशा घेतल्या. ही भांडी मातीची नसून गारगोटीच्या पुडीची असतात, हे दुकानदाराने अभिमानाने सांगितलं. फुटतात मात्र मातीसारखीच. चार शिल्लक आहेत.

कूलरचा प्रश्न सर्वांत अवघड. जयपूरच्या कोरड्या हवेत पत्र्याचा कूलर म्हणजे देवमाणूस. पाणी वाफेवर जातं आणि खोली गार होते. ठाण्याच्या दमट हवेत ते पाणी जाणार कुठे? तिथे त्याने आंघोळ घातल्यासारखंच वाटलं असतं. शेवटी अंकलजींनाच विचारलं. त्यांनी त्याच्याभोवती टॉर्च फिरवली आणि म्हणाले, "तीन खिळ्यांत देता का?" हे त्यांनी हिंदीत विचारलं, पण व्यवहाराची ती भाषा मला मातृभाषेइतकी कळली. पाच खिळ्यांवर सौदा पटला. उरले चौदा.

शेवटच्या दिवशी ट्रक सकाळी आठला येणार होता. एकला आला. जंतरमंतरवरचं सम्राटयंत्र सत्तावीस मीटर उंच आहे आणि दोन सेकंदांपर्यंत वेळ सांगतं. त्या सावलीची वेळ आपल्या घड्याळाच्या साधारण सत्तावीस मिनिटं मागे असते, कारण जयपूर प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या तेवढं पश्चिमेला आहे. ड्रायव्हरला सूर्याची ही सवलत देऊनही साडेचार तास उरतात. विचारलं तर म्हणाला, "आठ ही बोला था, साब. नाश्ता करके."

घर रिकामं झालं. रिकाम्या घरात आवाज घुमतो म्हणून आम्ही दोघं उगाच हळू बोलत होतो. अंकलजी हिशेबाचा कागद घेऊन आले, चौदा खिळ्यांचे पैसे वजा करून उरलेले मोजून दिले. मी पक्कड घेऊन भिंतींचे खिळे उपटायला लागलो. बैठकीतल्या खिळ्यापाशी पोचलो तेव्हा म्हणाले, "वो रहने दीजिए. जगह सही है." आणि बगलेतली सुरळी उलगडून मोती डूंगरीच्या गणपतीचं कॅलेंडर तिथे टांगलं. जरा मागे होऊन पाहिलं, सरळ केलं. त्या एका खिळ्याचे शंभर परत मिळतील का, हे विचारायला मी तोंड उघडलं, एवढ्यात आंटीजी चिनी मातीची मोठी बरणी घेऊन आल्या. केर नावाच्या रानफळाचं लोणचं, राईच्या तेलातलं, गाडीत पुरीबरोबर खायला. बायकोचे डोळे भरले, आंटीजींचेही. अंकलजींनी बरणीकडे पाहिलं, वही काढली आणि काहीतरी टिपलं.

"बरनी लौटा देना, साब."

लोणचं बोरिवली येण्याआधीच संपलं, कारण डब्यातल्या सगळ्यांनी चाखलं. बरणी ठाण्याच्या स्वयंपाकघरात आहे. आत मीठ भरलंय. अंकलजींचा महिन्यातून एकदा फोन येतो, तब्येत विचारतात, पाऊस विचारतात, मग बरणीवर येतात. मी बैठकीतल्या खिळ्यावर येतो.