आधी पाठ दाखवा

जयपूरच्या मानसरोवरात हाउसिंग बोर्डाच्या घरांना अंगणं लहान आणि मधल्या भिंती त्याहून लहान. डाव्या हाताला सिस्टरकाकू, उजव्या हाताला भाभीजी आणि त्यांचे कंपाउंडरसाब, मधे आम्ही. बातमी कुठूनही निघो, तिची वाट आमच्याच अंगणातून जाते. त्यामुळे परवा काकूंनी दोरीवर एकापाठोपाठ एक रजया टाकायला घेतल्या तेव्हा मला विचारणं भागच होतं.

"काकू, एवढ्या रजया? घरात लग्न काढलंय का?"

"लग्न कसलं! आमची बॅच येतेय, संक्रांतीला. सातजणी आहेत. सगळ्या मुंबईच्या. जानेवारीतलं जयपूर म्हणजे काय, हे त्यांना स्टेशनावर उतरल्यावर कळेल."

काकू मुंबईच्या एका म्युनिसिपल हॉस्पिटलात नर्सिंग शिकल्या, १९७५ च्या बॅचला. तेव्हा कोर्स साडेतीन वर्षांचा होता: तीन वर्षं जनरल नर्सिंग आणि वर सहा महिने मिडवायफरी. यजमान रेल्वेतले, बदलीबरोबर इकडे आले आणि इकडचेच झाले. आम्ही विट्याकडचे. आमच्या ह्यांचं जोहरी बाजारात सोनं-चांदी गलाईचं काम. खानापूर-आटपाडीची माणसं गलाईपायी देशभर पांगली, त्यातलेच आम्ही. या गल्लीत मराठी बोलायला मला काकू आणि काकूंना मी. म्हणून मी गॅस बारीक केला आणि भिंतीला टेकले.

"कोण कोण येतंय?"

"एक आमची कुवेतवाली. पोरींनी तिचं नाव 'दिनार' ठेवलं होतं. ऑगस्ट १९९० मध्ये इराकनं कुवेत घेतलं तेव्हा ती तिथंच ड्यूटीवर. सोनं पोटाशी बांधून बसनं बगदादमार्गे अम्मानला गेली आणि तिथून एअर इंडियाच्या विमानानं मुंबईला. एक लाख सत्तर हजारांवर माणसं आणली होती तेव्हा. ही घरी पोहोचली आणि आईला पहिलं काय म्हणाली असेल? 'पगार राहिला गं!'"

"आणि डॉक्टरशी लग्न केलेली कुणी?"

"तुला बरं तेच आठवतं! आहे एक. पण तिचं नाही जमलं, त्याचं जमलं. ती आजही त्याला ओरडते, हात धुतल्याशिवाय पोळीला हात लावू नको म्हणून."

काकूंनी रजई झटकली आणि कोपरे जुळवून घडी घातली. त्यांच्या घरची गादी एकदा बघावी. चादरीचा कोपरा पाकिटासारखा दुमडून आत खोचलेला, वर एक सुरकुती नाही. उशीच्या अभ्र्याचं उघडं तोंड नेहमी दाराच्या उलट बाजूला. मी त्याचं कारण विचारलं.

"वॉर्डात शिरणाऱ्याला अभ्र्याचं तोंड दिसता कामा नये. खाटांची चाकं एका रेषेत. सिस्टर ट्यूटर दारातून नजर टाकायच्या आणि चाक जरा जरी तिरकं दिसलं तरी अख्खी रांग पुन्हा. आम्ही पाठीमागे म्हणायचो, पेशंट बरा झाला नाही तरी चालेल, चाक सरळ पाहिजे! रबरी ग्लोव्हज तेव्हा फेकत नसत. धुवायचे, फुगवायचे, पाण्यात बुडवायचे. बुडबुडा आला की भोक सापडलं. मग जुन्या ग्लोव्हजचा गोल तुकडा कापून चिकटवायचा, वाळवायचा, पावडर लावायची आणि ऑटोक्लेव्हला. नाइट ड्यूटीत पोरी अशा ठिगळं लावत बसलेल्या. काचेच्या सिरिंजा उकळायच्या त्या वेगळ्याच."

"आणि सकाळी?"

"सकाळी बेनेडिक्ट!"

हे ऐकून उजवीकडच्या भिंतीवर कंपाउंडरसाबांचं मफलर गुंडाळलेलं डोकं उगवलं. ते सवाई मानसिंह हॉस्पिटलातून रिटायर झालेले मेल नर्स. पण राजस्थानात नर्सिंग शिकलेल्या पुरुषाला गाव कंपाउंडरसाबच म्हणणार. काकू इथे नोकरीला लागल्या तेव्हा पहिल्याच दिवशी कुणी म्हणालं, कंपाउंडरसाब इंजेक्शन देतील. काकू मनात म्हणाल्या, औषधं बांधणारा माणूस सुई कशाला टोचतो?

"सिस्टरजी, पाँच एमएल बेनेडिक्ट, आठ बूँद पेशाब!" कंपाउंडरसाबांनी पाढा म्हणावा तसं म्हणून टाकलं.

"बरोबर!" काकू खुलल्या. "नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरायची आणि तिचं तोंड माणसांकडे नाही करायचं, उकळी एकदम उडते. निळं राहिलं तर साखर नाही. मग हिरवं, पिवळं, नारिंगी, आणि वीटकरी म्हणजे भरपूर साखर. पेशंट बायका खाटेवरून विचारायच्या, सिस्टर, आज माझा कुठला रंग? एक आजी कायम हिरव्या. एका सोमवारी वीटकरी! आजी देवाच्या शपथा घेतायत, मी काही खाल्लं नाही. शेवटी शेजारच्या खाटेवरची बोलली, 'काल मुलगा डब्यातून आमरस घेऊन आला होता.' आजी दोन दिवस त्या बाईशी बोलल्या नाहीत. आणि माझ्याशीही नाही, नळी मी धरली होती ना!"

कंपाउंडरसाब हसता हसता खोकले. त्यांना मिडवायफरी नव्हती. मुलांना तिच्या जागी दुसरंच काम, बहुतेकदा मानसिक रुग्णांच्या वॉर्डातलं. त्यामुळे बाळंतपणाच्या गोष्टी निघाल्या की ते आत चहा प्यायला जातात. भाभीजी मात्र तेव्हाच बाहेर येतात.

"आणि काकू, तो दिवा हातात घेऊन शपथ घ्यायचात ना?"

"घेतली की. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या नावानं. आमच्या हातात पणतीसारखा दिवा दिला होता, चित्रातही तसाच असतो. पण बाईंनी तुर्कस्तानातल्या त्या हॉस्पिटलात वापरला तो घडीचा कंदील, आपल्या दिवाळीच्या आकाशकंदिलासारखा मिटणारा. हे मला रिटायर झाल्यावर कळलं. आणि बाई हिंदुस्थानात कधी आल्याच नाहीत, तरी इथल्या गटारांवर आणि पाण्यावर ढीगभर लिहून ठेवलंय त्यांनी. शपथेच्या रात्री आमच्यातल्या एकीची टोपी दिव्याला लागून करपली. ती येतेय. टोप्या आता गेल्या, पण तिला अजून सगळ्या 'ज्योती' म्हणतात."

एवढ्यात आमच्या आतल्या खोलीतून आत्यांची हाक आली. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. न्हाणीत पाय घसरून खुबा मोडला, ऑपरेशन झालं, आता खाटेवर आहेत. हाक ऐकून भाभीजींनी भिंतीवरून सल्ला दिला: हवा भरलेली रबरी रिंग खाली घाला आणि स्पिरिट चोळा.

काकूंचा चेहरा बदलला. "रिंग नको. मधला भाग लोंबकळतो आणि कडेला दाब येतो. स्पिरिटही नको, कातडी कोरडी पडते. आम्हीच शिकलो होतो ते, चार-चार वेळा स्पिरिट आणि पावडर. आता मोडीत निघालं. लाल झालेल्या जागी चोळायचं तर मुळीच नाही. ती लाल जागा बोटानं दाबून बघ. पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर वेळ आहे अजून. दाबूनही लालच राहिली तर जखमेची सुरुवात समज. दर दोन तासांनी कूस बदलायची, आत्यांच्या डॉक्टरांनी सांगितलंय तशी पायांमध्ये उशी ठेवून. पोटरीखालीही उशी, म्हणजे टाच गादीला टेकत नाही. चादरीला सुरकुती नको, ओल नको."

"म्हणजे ते चाकं सरळ, चादर ताठ, ते सगळं..."

"चाकं दिखाव्याची असतील. चादर नव्हती. आमच्या ट्यूटर कुठल्याही पेशंटजवळ गेल्या की पहिला प्रश्न एकच: पाठ बघितली? नाडी नंतर, चार्ट नंतर. आम्हाला वाटायचं, डॉक्टर हार्ट बघतात आणि आम्ही काय, पाठ! फार कमीपणा वाटायचा. आमच्यातली एक पुढे मुंबईच्या केईएम हॉस्पिटलात लागली. तिथे अरुणा शानबाग होती, ठाऊक आहे ना?"

नाव ठाऊक होतं. काकू बोलत राहिल्या, पण आवाज खाली आला होता.

"आमच्याआधी थोडीच वर्षं नर्स झालेली ती. २७ नोव्हेंबर १९७३ ला हॉस्पिटलातच तिच्यावर हल्ला झाला आणि मेंदूला रक्त मिळेनासं झालं. मुंबईच्या नर्सेस तेव्हा संपावर गेल्या होत्या. ती चार नंबरच्या वॉर्डात राहिली ती १८ मे २०१५ ला गेली तोपर्यंत. ऐंशीच्या दशकात तिला तिथून हलवायचं घाटत होतं, नर्सेसनी होऊ दिलं नाही. २००९ मध्ये तिच्या दयामरणाचा अर्ज सुप्रीम कोर्टात आला, तेव्हा हॉस्पिटलनं काय सांगितलं माहितेय? इतकी वर्षं खाटेला खिळूनही तिला एकही बेडसोर झालेला नाही. २०११ मध्ये अर्ज नामंजूर झाला तेव्हा नर्सेसनी मिठाई वाटली. तो निकाल बरोबर का चूक, यावर आमच्या ग्रुपात अजून भांडणं होतात, या संक्रांतीलाही होतील. पण बेडसोरवर कुणी भांडत नाही. किती पिढ्या आल्या, रिटायर झाल्या, आणि प्रत्येकीनं आपल्या पाळीत तिची कूस बदलली. कुणाचं नाव कुठे लागलं नाही. ज्याला आम्ही हसायचो ना, तेवढंच एक काम असं होतं की चुकलं असतं तर लगेच दिसलं असतं."

भाभीजींना सगळं मराठी कळलं नसावं, तरी त्याही गप्प झाल्या. मग त्यांनीच विषय बदलला. संक्रांतीला सगळ्या आमच्या गच्चीवर, पतंग कंपाउंडरसाबांचे, फीणी आणि तिळाचे लाडू भाभीजींकडून, हळदीकुंकवाचं वाण काकूंकडून, पिठलं-भाकरी माझ्याकडे. मुंबईच्या बायकांना "वो काटा" ओरडायला कंपाउंडरसाब शिकवणार.

आतून आत्या ओरडल्या, "अगं, त्या मुंबईच्या बाया आल्या की आधी माझ्याकडं धाड, तिळगूळ द्यायला!"

काकूंनी भिंतीवरूनच उत्तर दिलं, "तिळगूळ नंतर, आत्याबाई. सातजणी येणार आणि आधी तुमची पाठ बघणार!"

थोडा वेळ आतून काहीच आवाज नाही. मग, "एकीला पाठव. बाकीच्या सहाजणींना भाकऱ्या थापायला बसव!"