कांद्याची कसोटी

रानात न्यायच्या सुऱ्यांच्या जाहिराती पाहिल्या की वाटतं, हा विकत घेणाऱ्याला पुढच्याच आठवड्यात एखाद्या अस्वलाशी समोरासमोर बोलणी करायची आहेत. पातं काळंभोर, पाठीला करवतीचे दात, मुठीत होकायंत्र, म्यानाला चकमक. पण तोच सुरा दहा वर्षं वापरलेल्या माणसाकडे कामाचा हिशेब मागा. कांदे, काकड्या, टोमॅटो, मसाल्याची पाकिटं, तंबूच्या दोरीची उसवलेली टोकं, आणि पुन्हा कांदे. अस्वलाच्या नावापुढे कोरी जागा. हा हिशेब सांगताना माणसं उगाच ओशाळतात. माझं म्हणणं असं की खरा हिशेब तोच आहे आणि न मिटणारा, एकसंध पात्याचा सुरा घ्यायचा तर तो याच हिशेबावर घ्यावा. ज्याला कांदा चिरता येत नाही तो सुरा दहा वर्षं टिकत नाही. म्हणजे टिकतो, पण माळ्यावर.

कांदाच का, तर कांदा जाडीला भीक घालत नाही. घरातल्या सुरीचं पातं दीड-दोन मिलिमीटर जाड असतं. 'सर्व्हायव्हल' या नावाखाली विकले जाणारे सुरे पाच-सहा मिलिमीटरपर्यंत जातात. असा सुरा कांद्यावर ठेवून दाबा. पहिलं बोटभर अंतर धार सरळ जाते, कारण तिथे धारच असते. मग मागून पात्याचं अंग येतं. कांद्याला आता चिरण्याऐवजी फाकणं भाग पडतं. कट्कन आवाज होतो, एक फोड चुलीकडे जाते, दुसरी दरीकडे. हे धारेचं अपयश नव्हे. धार ब्लेडसारखी असली तरी हेच होणार, कारण ही पाचर आहे. पाचरीनं ओंडका फुटतो, कोशिंबीर होत नाही. गंमत म्हणजे वर्षं जातात तसं हे दुखणं वाढतं. दर वेळी दगडावर घासलं की पात्याची कड केसभर वर सरकते, आणि वर तर पातं आणखी जाड. मग मालक म्हणतो, "हल्ली पूर्वीसारखी धार येत नाही." धार येते हो, धारेमागचे खांदे आडवे येतात. त्यावर उपाय एकच, कडेबरोबर पात्याची अंगंही घासून पातळ करायची. पण तसं केलं तर तो काळाभोर लेप निघून जातो आणि लेपाबरोबर निम्मं शौर्यही, म्हणून ते कुणी करत नाही.

हे जाडजूड प्रकरण आलं कुठून? बरंचसं अमेरिकेतून. १८२७ साली मिसिसिपी नदीच्या एका वाळूच्या बेटावर मोठी हाणामारी झाली, तीत जेम्स बोवी नावाच्या गृहस्थानं दांडगा सुरा चालवला आणि 'बोवी नाइफ'चा डंका वाजला. स्वयंपाक हा त्या दिवशीचा विषय नव्हता. तरी पुढे सहलीला निघणारे कितीतरी सभ्य कारकून तोच नमुना कमरेला लटकवू लागले. याला सणसणीत विरोध केला तो एका ग्रंथपालानं. सेंट लुईसचं ग्रंथालय सोडून ग्रेट स्मोकी डोंगरात जाऊन राहिलेल्या होरेस केफर्टनं १९०६ साली आलेल्या आपल्या कॅम्पिंगवरच्या पुस्तकात या कादंबरीछाप सुऱ्यांची हजेरी घेतली. तक्रार अशी की ते लाकूड तासायला जाड, कातडं सोलायलाही जाड, आणि रांधायला-जेवायला भलतेच टोकदार. खरोखर रानात राहणारा माणूस सुऱ्याची परीक्षा घेताना ताट मांडून बसतो, हे मला फार बोलकं वाटतं. स्वीडनमधल्या मोरा गावच्या सुऱ्यांचीही गोष्ट अशीच. तिथला कारखाना १८९१ साली निघाला तो लाकडं वाहायच्या घसरगाड्या बनवायला. सुरे हा जोडधंदा. आजही तिथला सुतार आणि वायरमन जो सुरा खिशाला लावून फिरतो त्याचं पातं वीतभरही नाही, जाडी अडीच मिलिमीटर, आणि मूठ बादलीच्या प्लास्टिकची वाटावी अशी. त्याला पाहून अस्वल घाबरणार नाही. कांदा मात्र घाबरतो.

आता आक्षेप. पहिला नेहमीचा: "आणि संकट आलं तर?" सह्याद्रीत संकटं येतात हे खरं, पण ती कोणती हे मोजून पाहावं. वाट चुकते, पाणी संपतं, पाय मुरगळतो, आग्या मोहोळ उठतं. यातलं एकही सुऱ्यानं कापता येत नाही. मोहोळ उठल्यावर तर करायचं काम एकच, पळायचं, आणि तेव्हा मांडीवर आपटणारं अर्धा किलो लोखंड मधमाशांच्या बाजूनं असतं. दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे: पातळ सुऱ्यानं सरपण कसं फोडणार? पात्याच्या पाठीवर दांडक्याचे घाव घालून लाकूड फोडण्याला 'बॅटनिंग' असं भारदस्त नाव आहे, आणि कॅनडा-स्वीडनच्या थंडीत भिजलेल्या ओंडक्याच्या पोटातलं कोरडं लाकूड काढायला ते उपयोगीही पडतं. मान्य. पण हरिश्चंद्रगडावर अभयारण्य आहे, तिथे कुणी ओंडके फोडायला बोलावलेलं नाही. पिठलं-भाकरी तर पायथ्याच्या गावातल्या मावशींच्या चुलीवर तयार असते. आणि जिथे लाकूड तोडायचंच आहे, तिथल्या माणसाकडे कोयता आहे.

कोयत्याकडे जरा निरखून पाहण्यासारखं आहे. पुढे वजन, टोकाला बाक, कमरेच्या दोरीला बांधलेल्या आकडीत अडकवला की दोन्ही हात मोकळे. कोकणातला माणूस त्यानं कवळ तोडतो, कुंपणाच्या काठ्या छाटतो, शहाळं फोडतो. रानातल्या धारेबद्दल ज्याचं मत विचारावं असा हाच. पण याच माणसाच्या घरात कांदा कोयत्यानं चिरत नाहीत. त्यासाठी चुलीशेजारी विळी असते. दोन कामं, दोन हत्यारं. कोयता आणि विळी यांचं लग्न लावून एकच सुरा काढायची कल्पना कोकणात कुणाला सुचली नाही, ती पर्यटनाच्या दुकानात सुचली. शस्त्रांच्या नियमांनीसुद्धा हे ओळखलेलं दिसतं. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे सुरे त्यांत शस्त्र म्हणून मोजले जातात. घरगुती आणि शेतीच्या कामासाठी घडवलेले मात्र त्यातून वगळले आहेत. म्हणजे सरकारलाही कांदा कळतो.

इथे चतुर वाचक मला माझ्याच धारेवर धरणार. कांदाच चिरायचा तर घरातली सुरी न्या, किंवा मिटणारा चाकू न्या, सुऱ्याचं खूळ हवं कशाला? मिटणाऱ्या चाकूचं उत्तर शेंगदाण्याच्या चटणीत आहे. एकदा ती तेलासकट बिजागरीत शिरली की निघत नाही. त्यावर गूळ, मग लोणच्याचा खार, मग माती, आणि चौथ्या मुक्कामाला चाकू अर्धा उघडून तिथेच थांबतो. एकसंध सुऱ्याला बिजागरीच नाही. पाण्याखाली धरला, पुसला, झालं. घरच्या सुरीचा दोष वेगळा. तिला म्यान नसतं. वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती सुरी पिशवीत फार तर तासभर वाचत पडते, मग बाहेर डोकावते, बहुधा झोपायच्या पिशवीतून. म्हणून मूठ भक्कम, पातं पातळ आणि म्यान घट्ट, एवढ्यावर माझी निवड थांबते.

राहता राहिला पोलादाचा वाद. न गंजणारं घ्यावं की साधं, कर्बयुक्त? कोकणच्या पावसात साध्या पोलादाला एका रात्रीत तांबूस घाम फुटतो, आणि चामड्याच्या म्यानात ओलं ठेवलं तर सकाळी म्यानच त्याला गंज चारतं. तरी माझं झुकतं माप त्यालाच. लिंबू, कैरी, कच्चं केळं कापत गेलं की त्यावर निळसर काळा थर चढतो आणि तो थर पुढच्या गंजाला थोडाफार आवर घालतो. वर खोबरेल तेलाचं बोट फिरवलं की पुरे. यंत्राचं तेल नको, कारण पुढचा कांदा आपणच खाणार असतो. कंपनीनं चढवलेला काळा रंग पहिल्या वर्षी उडतो, हा काळा रंग दहा वर्षं चढत राहतो. तोवर सुरा ट्रेकच्या पिशवीतून स्वयंपाकघरात आलेला असतो. पात्यावरचं कंपनीचं नाव घासून गेलेलं असतं, कड दोन-तीन मिलिमीटर आत सरकलेली असते आणि घरातलं कुणी ओट्यापाशी उभं राहून विचारतं, "तो काळा कुठे ठेवलाय?" म्यान मात्र अजून पिशवीतच असतं. त्यात चमचे बसतात.