डॉक्टरकीच्या अर्जात सिनेमा कसा घालावा

आपण आंबिवलीतून अर्ज करत असाल तर हा लेख इथंच मिटा आणि फिजिक्स काढा. 'नीट'मध्ये १८० प्रश्न, ७२० गुण, उत्तर चुकलं की एक गुण वजा. आवडता चित्रपट कोणता, हे तिथं कुत्रंही विचारत नाही.

हे मार्गदर्शन आहे अमेरिकेतल्या भाचरांसाठी. तिथं मेडिकलला अर्ज करताना डॉक्टर का व्हायचंय यावर निबंध लागतो, मोकळ्या जागा धरून ५,३०० अक्षरांत. न्यू जर्सीतल्या माझ्या भाचीनं तिचा मसुदा पाठवला. "मामा, जरा बघ ना." मी तो कसारा लोकलच्या दारात, शहाड ते आंबिवली, एका हातानं वाचला. मतं थोडी तिखट झाली असतील तर दोष गर्दीचा.

पहिलंच वाक्य : 'मुन्नाभाई एमबीबीएस'नं माझं आयुष्य बदललं. चित्रपट २००३ चा. भाची तेव्हा जन्मलीही नव्हती, पण बदलायचंच म्हटल्यावर तारखा कोण बघतो! अडचण वेगळीच आहे. हा नायक प्रवेश परीक्षेत दुसऱ्याला बसवून पहिला येतो आणि शेवटपर्यंत डॉक्टर होत नाही. प्रवेश समितीला आदर्श म्हणून हाच माणूस दाखवायचा असेल तर निदान जादूच्या मिठीपाशी थांबावं, प्रवेशाचा भाग गाळावा.

'आनंद' (१९७१) त्याहून सभ्य. पण त्यात रोगी जातो आणि डॉक्टरला पारितोषिक मिळतं, तेही साहित्याचं. समिती म्हणेल, मग या मुलीला मराठी एम.ए.ला पाठवा. 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' (१९४६) शक्यतो टाळावा. सोलापूरचा डॉक्टर चीनला गेला आणि ३२ व्या वर्षी तिथंच वारला. एवढ्या त्यागाची हमी आधीच देऊन बसू नये, शैक्षणिक कर्ज फेडायचं असतं.

राहिला 'आनंदी गोपाळ' (२०१९). हा घालण्याचा मोह आम्हां आंबिवलीकरांना फार, कारण आनंदीबाई कल्याणच्या, म्हणजे इथून दोन स्टेशनं. शिवाय त्यांचाही अर्जच होता. १८८३ च्या जूनमध्ये न्यू जर्सीतल्या रोझेल गावी, कार्पेंटरबाईंच्या घरी राहून त्यांनी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला पत्र लिहिलं. आपल्याकडच्या बायका पुरुष डॉक्टरकडून तपासून घेण्यापेक्षा मरण पत्करतात, म्हणून मी आले, एवढंच त्याचं सार. वय अठरा. आवडत्या चित्रपटाचा उल्लेख नाही. असणार कसा? मुंबईत पहिला खेळ झाला १८९६ ला आणि आनंदीबाई गेल्या १८८७ ला. बिचारीला लिहायला स्वतःचं कारण सोडून दुसरं काही हाताशीच नव्हतं. तरी प्रवेश मिळाला, हे कॉलेजचं औदार्य म्हणायचं.

आता सर्वांत महत्त्वाची खबरदारी. प्रत्यक्ष पाहिलेलं काही चुकूनही लिहू नये. गेल्या मे महिन्यात ही पोरगी मोहन्यातल्या आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात आठवडाभर बसली होती. कंपाउंडरबाई गोळ्यांच्या पुडीवर पेनानं चित्र काढायच्या : सकाळच्या गोळीला सूर्य, रात्रीच्या गोळीला चंद्रकोर. एका आजींना अक्षर येत नव्हतं. त्यांनी पुडी डोळ्यांजवळ नेली आणि विचारलं, "आणि दुपारची?" बाईंनी सूर्य पुसला नाही, त्याच्या खाली एक ताट काढलं. भाचीनं दुसरी पुडी घेऊन स्वतः ताट काढून बघितलं. ते चपटं बशीसारखं झालं, तर आजी म्हणाल्या, "ही चहाची वेळ गं, बाळा." तिनं ते खोडून पुन्हा काढलं, मग त्यात भाताचा ढीगही घातला.

हे निबंधात आलं तर समितीला संशय येईल की मुलगी खरंच रुग्णांजवळ बसली होती. त्यापेक्षा मिठी बरी.

सल्ला एवढाच कळवला की मुन्नाभाई काढ, जवळजवळ पाचशे अक्षरं सुटतात. रात्री अकराला उत्तर आलं, तिच्याकडे तेव्हा दुपारच होती :

"काढला, मामा! त्या जागी 'आनंद' घातलाय."