जुना का नवा?

भाताच्या मुलखात प्रत्येक गोतावळ्यात एक तरी माणूस असा असतो, ज्याच्या पानात भात वाढताना वाढप्याला घाम फुटतो. आमच्याकडे तो मान आटगावच्या मामांचा. लग्न कुणाचंही असो, मामा आधी एक शीत उचलतात, अंगठ्यानं चिरडतात आणि निकाल देतात, "नवा हाय." मटण, जिलेबी यांबद्दल त्यांचं काही म्हणणं नसतं. "कालवण कसंबी चालतं. भात फसला का जेवण फसलं."

झिनी, कोलम का कर्जत-३, ते नुसत्या वासावर सांगतात. २०२१ साली वाडा कोलमला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मामा महिनाभर सत्कारमूर्तीसारखे वावरत होते. वास्तविक वाडा तालुका शेजारचा.

अशा माणसाला मामेभावानं पगारवाढीच्या आनंदात मुंबईला सुशी खायला न्यायचं ठरवलं, सोबत मलाही. २००४ साली ताजमध्ये शेफ मोरिमोतोंचं 'वसाबी' उघडलं, तेव्हापासून मुंबईत उंची जपानी जेवण ही मिरवायची गोष्ट झाली. मामेभावानं निवडलेलं हॉटेल दुसरं, पण थाट तोच. मामी आलीच नाही. "कच्च्या माशांसाठी कसारा लोकलनं मुंबई? पहिल्या पावसात वलगणीला दारात फुकट मिळतात."

मामेभावानं चॉपस्टिकचा सराव केला होता. मामांनी थेट हात घातला. "बाबा, काड्या!" मामेभाऊ कुजबुजला. काउंटरमागचा सुशीवाला हसून हिंदीत म्हणाला, निगिरी, म्हणजे भाताच्या मुटक्यावरचा माशाचा काप, हातानं खाल्ली तरी रीतीला धरूनच आहे. सोया सॉस मात्र माशाच्या बाजूनं लावा. तोवर मामेभावाचा घास भाताच्या बाजूनं सॉसमध्ये पडून विरघळला होता.

मामांनी ट्यूनाचा काप अलगद उचलून बाजूला ठेवला आणि खालचं शीत चिरडलं.

"चिकट," ते म्हणाले. आम्ही माना खाली घातल्या. "पण मुद्दाम केलाय. आन कोमट हाय." मग सुशीवाल्याकडे वळून, "चावल पुराना के नया?"

सुशीवाल्यानं सुरी खाली ठेवली. हा प्रश्न त्याला तिथं क्वचितच कुणी विचारला असेल. मग तो असा खुलला की विचारू नका. नव्या तांदळात ओल जास्त, व्हिनेगर नीट मुरत नाही, म्हणून काही उस्ताद त्यात जुना मिसळतात. भात अंगाच्या उबेइतकाच गरम ठेवायचा. जपानात शिकाऊ पोरं माशाला सुरी लावण्याआधी वर्षानुवर्षं भातावर राबतात. मामा मान डोलवत होते. मामेभाऊ सालमनच्या गाभोळीचा फोटो काढत होता.

बिल आलं. मामांनी त्याला हमीभावानं भागलं. २०२५-२६ चा साध्या भाताचा, क्विंटलला २,३६९ रुपये. "सहा क्विंटल. बारदान वेगळं." मग सुशीवाल्याकडे बघत म्हणाले, "पण मानूस भातातला हाय."

आता लग्नसराईत मामांचा जाच दुप्पट झालाय. पूर्वी ते नुसता निकाल द्यायचे, हल्ली आचाऱ्याची उलटतपासणी घेतात. "जुना किती मिसळलास?" आचारी म्हणतो, वाण्यानं दिला तो टाकला. मामा पंगतीकडे वळून सांगतात, "ह्याला जपानात भांडीबी घासाया ठेवला नसता." आणि दुसऱ्यांदा भात मागून घेतात.