फॉरमॅट हा इलाज नव्हे

‘दुसऱ्या मॉनिटरवर काही दिसत नाही’ असं सांगत डेस्कटॉप दुकानात नेला, की पुष्कळ ठिकाणी उत्तर आधीच तयार असतं. ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ केबल कुठल्या पोर्टात होती, हे कुणी विचारत नाही. मॉनिटरवर नेमका कोणता संदेश येतो, हेही कुणी विचारत नाही. अप्पा बळवंत चौकातला डीटीपी करणारा असो की तालुक्याच्या गावातला कर सल्लागार, आज दोघांनाही दोन पडदे लागतात. एकावर मजकूर तर दुसऱ्यावर पान, एकावर टॅली तर दुसऱ्यावर जीएसटीचं पोर्टल. त्यातला एक काळा पडला की काम अडतं, गिऱ्हाईक डोक्यावर बसलेलं असतं, आणि घायकुतीला आलेला माणूस फॉरमॅटला हो म्हणून मोकळा होतो.

हे थांबलं पाहिजे. काळ्या पडद्याच्या कितीतरी तक्रारींशी विंडोजचा काडीचाही संबंध नसतो. जिथे असतो, तिथे बहुधा ग्राफिक्सचा ड्रायव्हर नीट बसवला की भागतं.

दोष कुठल्या बाजूचा, हे ओळखायला पाच मिनिटं पुरतात. एकच मॉनिटर जोडा आणि संगणक सुरू करा. मदरबोर्डच्या कंपनीचा लोगो दिसतो का ते बघा. तो झटकन निघून जात असेल तर सुरू होताना डिलीट किंवा एफ-टू दाबत राहा. बायोसचा पडदा दिसला तर केबल, पोर्ट आणि मॉनिटर यांचं निदान जुजबी काम तरी ठीक चाललंय. त्यानंतर विंडोज येताना पडदा काळा झाला, तर संशय ड्रायव्हरवर घ्यायचा. पण लोगो नाही, बायोसही नाही, म्हणजे बिघाड विंडोज सुरू होण्याच्या आधीचा आहे. तिथे फॉरमॅट मारून काय होणार? डिस्क पुसाल आणि पडदा काळाच राहील. अशा वेळी केबल बदला, कार्ड काढून घट्ट बसवा, कार्डाला वेगळी वीज लागत असेल तर ती पिन जोडली आहे का बघा, रॅम काढून पुन्हा लावा. कोकणातल्या दमट हवेत रॅमचे आणि कार्डाचे संपर्कबिंदू गंजतात. तिथले जुने मेकॅनिक रॅम खोडरबराने पुसतात, त्यामागे हेच कारण आहे.

मॉनिटर स्वतःही बोलत असतो, त्याचं ऐका. ‘नो सिग्नल’ म्हणजे मॉनिटर जिवंत आहे, त्याच्यापर्यंत चित्र पोचत नाही. आधी त्याच्या बटणाने इनपुट बघा. केबल एचडीएमआयची आणि निवड व्हीजीएची, असं सर्रास सापडतं. ‘आउट ऑफ रेंज’ याचा अर्थ अगदी वेगळा. चित्र पोचतंय, पण मॉनिटरला न झेपणाऱ्या वारंवारतेने. मग सेफ मोडमध्ये जाऊन ती सेटिंग उतरवायची. या दोन तक्रारींवर एकच औषध देणारा मेकॅनिक मेकॅनिक नव्हे.

आता विक्रेत्यांकडे वळतो, कारण अर्धी भानगड विक्रीच्या वेळीच होते. ग्राफिक्स कार्ड असलेल्या डेस्कटॉपच्या मागे दोन ठिकाणी एचडीएमआय असतं. एक वर, मदरबोर्डचं, उभ्या पट्टीत. दुसरं खाली, कार्डाचं, आडवं. मॉनिटर कार्डाला जोडायचा असतो. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर ‘एफ’ असतो, उदाहरणार्थ आय-फाइव्ह १२४००एफ, त्यात चित्र काढण्याची सोयच नसते. एएमडीचा रायझन फाइव्ह ५६०० हाही तसाच. असा प्रोसेसर असेल तर मदरबोर्डवरच्या एचडीएमआयला केबल लावून पडद्यावर काहीही येणार नाही, आज नाही आणि उद्याही नाही. हे प्रोसेसर थोडे स्वस्त पडतात म्हणून जोडून दिलेल्या संगणकांत सर्रास घातले जातात. घाला, माझी हरकत नाही. पण विकताना वरच्या पोर्टावर एक चिकटपट्टी लावून ‘येथे मॉनिटर जोडू नये’ एवढं लिहायला काय लागतं? न लिहिणं हा निव्वळ निष्काळजीपणा आहे.

कन्व्हर्टरचंही तेच. डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआयकडे नेणारा स्वस्त कन्व्हर्टर उलट्या दिशेने चालत नाही. संगणकाला एचडीएमआय आणि मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट असेल, तर वीज घेणारा वेगळा कन्व्हर्टर लागतो. व्हीजीए १९८७ सालचं, आयबीएमच्या पीएस/टू संगणकाबरोबर आलेलं. आजच्या ग्राफिक्स कार्डांतून तसा ॲनलॉग सिग्नल बाहेरच पडत नाही. त्यामुळे नुसत्या पिना बदलणारा जुना जोड लावून व्हीजीए मॉनिटर चालणार नाही. लॅमिंग्टन रोडवर हे न सांगता जोड विकणारा दुकानदार गिऱ्हाइकाची एक फेरी वाया घालवतो. वसई-विरारहून आलेल्या माणसासाठी ती फेरी म्हणजे अख्खी दुपार असते.

कंपन्यांचा दोष मात्र दुकानदारांपेक्षा मोठा आहे. एचडीएमआय १.४ मधून फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच जातं. ६० वेळा जाण्यासाठी २.० लागतं. २.१ ची कमाल मर्यादा सेकंदाला ४८ गिगाबिट. इथवर सरळ आहे. पण २.१ मधल्या नव्या सोयी ऐच्छिक ठेवल्या गेल्या. परिणामी, जेमतेम २.० इतकं काम करणाऱ्या मॉनिटरच्या खोक्यावरही ‘२.१’ छापता येतं. हे नियमात बसतं, आणि नेमका हाच त्या नियमाचा दोष आहे. ग्राहकाने आकडा बघून पैसे मोजायचे आणि आकड्याला अर्थ नसायचा, ही फसवणूक आहे, मग तिच्यावर कुठल्याही मंचाचा शिक्का असो. केबल घेताना आकडा सोडा. ‘अल्ट्रा हाय स्पीड’ हे शब्द आणि पडताळणीचं क्यूआर लेबल पाहून घ्या.

लिनक्स वापरणाऱ्यांवर तर याहून मोठा अन्याय झाला. एएमडीने आपल्या खुल्या ड्रायव्हरमध्ये एचडीएमआय २.१ ची सोय देण्याची तयारी केली होती. २०२४ च्या फेब्रुवारीत, एचडीएमआयचे नियम ठरवणाऱ्या एचडीएमआय फोरमने त्याला नकार दिला. कार्डात ताकद आहे, लिहिणारे अभियंते आहेत, वापरणारा पैसे देऊन बसलाय, आणि तरी वाट बंद. अशांनी डिस्प्लेपोर्ट असलेलाच मॉनिटर घ्यावा.

ड्रायव्हरकडे येऊ. डिव्हाइस मॅनेजर उघडा. डिस्प्ले ॲडॅप्टरखाली तुमच्या कार्डाऐवजी ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॅप्टर’ हे नाव दिसलं, तर खरा ड्रायव्हर बसलेलाच नाही. तोवर दुसरा पडदा चालण्याची आशा धरू नका. पडदा मधेच गोठला तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा. ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो, उघडं काम तसंच राहतं. दुसरा पडदा ओळखला जाऊनही रिकामा असेल तर विंडोज आणि पी दाबून ‘एक्स्टेंड’ निवडा. कालपर्यंत ठीक चाललं आणि अपडेटनंतर बिघडलं, तर डिव्हाइस मॅनेजरमध्येच ‘रोल बॅक ड्रायव्हर’ आहे. त्यानेही नाही जमलं तर डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर हे मोफत साधन सेफ मोडमध्ये चालवून जुना ड्रायव्हर मुळासकट काढा आणि कार्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून आधीच उतरवून ठेवलेला नवा बसवा. दुसऱ्या कुठल्या संकेतस्थळावरून नको. हे करताना इंटरनेट काढून ठेवा, नाहीतर विंडोज अपडेट मधेच आपला ड्रायव्हर घुसवतं.

एन्व्हिडियाचं जीटीएक्स १०५० टीआय किंवा १०६० वापरणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. या पिढीला चालणारी ५८० ही ड्रायव्हरची शेवटची मालिका. ५९० किंवा त्यापुढचा आकडा दिसला म्हणून उतरवून घेऊ नका, तो तुमच्या कार्डासाठी नाही.

फॉरमॅटने नेमकं काय जातं तेही बघा. टॅली प्राइम आपला डेटा मुळात सी ड्राइव्हवरच ठेवतं. डेस्कटॉपवरच्या लग्नपत्रिकांच्या फायली सी ड्राइव्हवर असतात, वर्षानुवर्षं जमवलेले मराठी फॉन्टही तिथेच. बॅकअप न घेता ती डिस्क पुसली, की ऐन मार्चअखेरीस कुणाचं तरी वर्ष पुसलं जातं. बिघाड केबलचा असेल तर पडदा त्यानंतरही काळाच. मग तोच मेकॅनिक केबल बदलतो, पडदा येतो, आणि श्रेय फॉरमॅटला मिळतं.

म्हणून दुकानदार बंधूंना विनंती. संगणक हातात घेतलात की आधी दुसरी केबल लावून बघा, दुसरा मॉनिटर लावून बघा. बिलावर काय दोष सापडला ते लिहा. आणि फॉरमॅट खरोखरच लागणार असेल, तर सी ड्राइव्ह पुसण्याआधी ग्राहकाचा बॅकअप घ्या आणि त्याची सही घ्या. ग्राहकांनीही त्याशिवाय हो म्हणू नये.